रिकामा रस्ता अधिक घातक

उन्हाळ्याची सुट्टी आली की युरोपचे बेत ठरतात. सहल कंपनीच्या बसऐवजी जर्मनीत भाड्याची मोटार घेऊन स्वतःच हिंडणारी कुटुंबेही आता कमी नाहीत. त्यासाठी आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. तो फार तर १ वर्ष चालतो, आणि मूळ परवाना जवळ नसेल तर नुसता कागद ठरतो. पण कोणताही परवाना हाताची सवय बदलत नाही.

जर्मनीत वाहने उजवीकडून चालतात. गर्दीत पुढच्या गाडीमागे जाताना सहसा चूक होत नाही. ती होते भल्या सकाळी, पेट्रोल पंपावरून सामसूम रस्त्यावर येताना. चाक आपसूक डावीकडे वळते.

दुसरी सवय घाईची. तिथे खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते. महामार्गावर वाहतूक तुंबली की डाव्या रांगेने डावीकडे, बाकीच्यांनी उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेसाठी मधे वाट ठेवायची, असा कायदाच आहे. १२ वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला त्याचे खास आसन हवे. आईची मांडी चालत नाही.

म्हणून विमानातून उतरल्या दिवशी चाक हाती घेऊ नये. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर 'उजवी बाजू' असे मोठ्याने म्हणावे. त्यात चालवणाऱ्याला कमीपणा नाही. मागे मुले झोपलेली असतात, ती याच दोन शब्दांच्या भरवशावर.