नाचणारीचा गळा

२००७ साली तैवानच्या गोल्डन मेलडी पुरस्कारांत मँडरिनमधली सर्वोत्कृष्ट गायिका म्हणून जोलिन त्सायचं नाव पुकारलं गेलं आणि अनेकांनी नाकं मुरडली. निमित्त होतं आदल्या वर्षीच्या मे महिन्यात आलेल्या 'डान्सिंग दिवा' या अल्बमचं. तो तुफान खपला, यावर वाद नव्हता. गायिकेचा पुरस्कार नाचणारीला कसा, हा आक्षेप होता. तिनेही आपल्याला कमी लेखणाऱ्यांचे मंचावरूनच आभार मानले! माझ्या मते परीक्षकांचा निर्णय योग्य होता आणि खप बाजूला ठेवला तरी तो योग्यच ठरतो.

मँडरिन पॉपमध्ये गळा जोखायचा तो संथ प्रेमगीतावर, ही रीत गायिका तेरेसा तेंगच्या काळापासूनची. त्यात केटीव्हीची भर. मित्रमंडळींनी खोली भाड्याने घेऊन माइकवर गायची ही जागा. तिथे कुणालाही पेलेल असं गाणं कंपन्यांना हवं असतं. त्सायने मात्र ईएमआय या संगीत कंपनीकडे आल्यावर पहिल्याच अल्बमचं, म्हणजे 'डान्सिंग दिवा'चं, शीर्षकगीत नाचाचं केलं. त्यासाठी ती जिम्नॅस्टिक्समधली रिबन शिकली. काही मीटर लांबीची ही पट्टी मनगट जरा ढिलं पडलं की गुंतते किंवा जमिनीवर लोळते. असं मनगट फिरवत गाताना श्वास कुठे चोरायचा, हा प्रश्न उभ्या जागी गाणाऱ्याला पडत नाही. तिचे तुटक स्वर आणि ठेक्यावर नेमके आदळणारे शब्द हा गळ्याचा तोकडेपणा नाही, ती या गाण्याची गरज आहे. इथे लांबलचक आलाप घेतला असता तर गाणंच बसलं असतं.

चाल पाश्चात्त्य संगीतकारांची, शब्द दुसऱ्याचे, मग तिचं काय, असं विचारणारे तेंगची कितीतरी गाणी मुळात जपानी होती हे सोयीस्करपणे विसरतात. ठेक्यात गंभीर आशय मावत नाही, हा आक्षेप जरा वजनदार आहे आणि 'डान्सिंग दिवा'पुरता तो मान्यही करावा लागेल. पण नाचगाण्याच्या सगळ्या प्रकारालाच तो लागू होत नाही. तैवानच्या पिंगतुंगमध्ये बायकी वागण्यावरून छळला गेलेला एक शाळकरी मुलगा २००० साली शाळेच्या स्वच्छतागृहात जखमी अवस्थेत सापडला आणि दगावला. त्याच्यावरचं त्सायचं गाणं २०१९ मध्ये याच पुरस्कारांत वर्षातलं सर्वोत्कृष्ट गाणं ठरलं, आणि तेही ठेक्यावरचंच आहे. 'डान्सिंग दिवा'मधली संथ गाणी मात्र मला सामान्य वाटतात. ती दुसऱ्या कुणीही गायली असती तरी चाललं असतं.