थायरॉईडची गोळी एक दिवस चुकली तर निभावतं, स्टेरॉईडची चुकली तर नाही! हार्मोनतज्ज्ञाची तारीख मिळेपर्यंत बिडकीन परिसरातल्या रुग्णांनी काय सांभाळायचं?

बिडकीन (ता. पैठण) : पैठण रोडनं छत्रपती संभाजीनगर सुमारे २५ किलोमीटर. अंतर काही फार नाही. पण थायरॉईड किंवा ॲड्रिनल ग्रंथीच्या आजारात एवढा रस्ता कापला म्हणजे तज्ज्ञ भेटला, असं होत नाही. आधी गावातला डॉक्टर, मग रक्ताचा रिपोर्ट, मग 'मोठ्या डॉक्टरला दाखवा' अशी चिठ्ठी, त्यानंतर घाटीतली मेडिसिनची ओपीडी नाहीतर शहरातल्या खासगी डॉक्टरची तारीख. हार्मोनच्या आजारांचे तज्ज्ञ, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, मुळातच कमी, आणि आहेत ते मोठ्या शहरांत. तारखेच्या दिवशी नेमकी कापूस वेचणी निघते किंवा कंपनीत सुट्टी मिळत नाही. तारीख पुढं जाते.

या मधल्या काळात रुग्ण कुणाच्या भरवशावर असतो? खरं सांगायचं तर स्वतःच्या, मेडिकलवाल्याच्या आणि शेजारणीच्या. आणि इथंच घोटाळा होतो. कारण या दोन ग्रंथींच्या गोळ्या दिसायला सारख्याच बारीक असल्या तरी त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

आधी थायरॉईड. हा आजार आता घराघरात आहे. देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळपास ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉईड कमी असल्याचं आढळलं होतं. त्यावरचं औषध थायरॉक्सिन. स्वस्त आहे, रोजचा खर्च हॉटेलातल्या एका चहापेक्षा जास्त नाही, जनऔषधी दुकानातही मिळतं. हे औषध शरीरात हळू उतरतं. आज घेतलेल्या गोळीतलं निम्मं औषध साधारण आठवड्यानंतरही अंगात असतं. म्हणून एखादा दिवस गोळी राहिली तर घाबरण्यासारखं काही नाही. पण याच गुणामुळे लोक फसतात. गोळी बंद केली तरी आठ-दहा दिवस काहीच वाटत नाही. मग 'बघा, बंद केली तरी ठीक आहे' म्हणून बाटली फडताळात जाते. दीड-दोन महिन्यांनी अंग जड पडतं, पाय सुजतात, थंडी वाजते, पाळी बिघडते. तोवर गोळी बंद केल्याचं कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

तारीख लांब आहे म्हणून थायरॉक्सिन थांबवायचं काहीच कारण नाही. आधीच्या डॉक्टरनं लिहिलेला डोस तसाच चालू ठेवायचा. तो वाढवायचा की कमी करायचा, हे गावातला एमबीबीएस डॉक्टरही टीएसएच बघून ठरवू शकतो. फक्त डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत पुन्हा तपासणी करण्यात अर्थ नसतो, आकडा स्थिर व्हायलाच तेवढा वेळ लागतो. पंधरा दिवसांनी परत रक्त देणं म्हणजे पैसे वाया.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा नाही. ही चहाची अट सगळ्यांना जड जाते. ज्यांना जमतच नाही त्यांनी रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, मात्र वेळ रोज तीच ठेवायची. बिडकीनच्या ऑरिकमध्ये आणि चितेगावच्या कंपन्यांत पाळीनं काम करणाऱ्यांना ही सवलत उपयोगाची आहे. नाईट शिफ्ट असलेल्याची 'सकाळ' दुपारी तीनला होते, आणि गोळी तिथंच हुकते.

गरोदर बाईच्या बाबतीत मात्र वाट पाहायची नाही. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईडवर चालते आणि आईची गरज साधारण पाव ते एक तृतीयांश वाढते. पाळी चुकली आणि चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात टीएसएच करून डोस ठरवून घ्यायला हवा. दुसरी अडचण घरातलीच. आशाताई किंवा सिस्टर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. त्या गोळ्या हव्याच आहेत. पण सगळ्या गोळ्या एकदम तोंडात टाकल्या की लोह-कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच अडवतं. मध्ये चार तासांचं अंतर ठेवायचं. थायरॉक्सिन पहाटे, लोह दुपारी, कॅल्शियम रात्री, एवढं वाटून घेतलं तरी रिपोर्ट सुधारतो. 'गोळी घेऊनही थायरॉईड कमी येत नाही' या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

थायरॉईड वाढलेल्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांना कार्बिमाझोल, म्हणजे निओमर्काझोल, दिलं जातं. ते चालू असताना ताप आला, घसा जोरात दुखायला लागला किंवा तोंड आलं, तर ती साधी सर्दी समजायची नाही. या औषधानं क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करायची आणि डॉक्टरला दाखवायचं. ही तपासणी बिडकीनमध्येच होते, त्यासाठी तज्ज्ञाच्या तारखेची गरज नाही.

आता ॲड्रिनल. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या दोन ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा हार्मोन बनवतात. ताप, जखम, ऑपरेशन, उपासमार, अशा प्रत्येक तडाख्यात रक्तदाब आणि साखर धरून ठेवायचं काम त्याचं. ग्रंथी निकामी झाल्या तर बाहेरून हायड्रोकॉर्टिझोन किंवा प्रेडनिसोलोनची गोळी घ्यावी लागते, आणि ही गोळी चैन नाही, ती त्या माणसाचा श्वास आहे. हायड्रोकॉर्टिझोन रक्तातून काही तासांतच उतरतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा घ्यावं लागतं. थायरॉक्सिनसारखी इथं आठवड्याची शिल्लक नसते. दोन दिवस गोळी सुटली तर माणूस दवाखान्यात पोचतो, कधी कधी तिथवरही पोचत नाही.

आपल्याकडं या आजाराचं एक मोठं कारण क्षयरोग आहे. फुफ्फुसातला टीबी बरा झाला तरी ॲड्रिनलमध्ये पोचलेला टीबी ग्रंथी खाऊन टाकू शकतो. वजन घटतं, भूक मरते, उठलं की चक्कर येते, मीठ खावंसं वाटतं, हिरड्या, तळहाताच्या रेषा, कोपरं काळी पडत जातात. पण दिवसभर उन्हात राबणाऱ्याचा रंग काळवंडला तर कोण लक्ष देणार? अशक्तपणा म्हणून दोन सलाईन लावतात, सलाईनमधल्या मिठानं रुग्णाला दोन दिवस बरं वाटतं, आणि निदान आणखी सहा महिने लांबतं. शिवाय टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन स्टेरॉईड लवकर संपवतं. त्यामुळे टीबीचे औषध चालू झाले की आधीचा स्टेरॉईडचा डोस अपुरा पडू लागतो. ॲड्रिनलच्या रुग्णाला टीबीची औषधं सुरू होत असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवायलाच हवी.

दुसरं कारण जास्त ओळखीचं आहे, पण त्याबद्दल बोललं जात नाही. गुडघेदुखी, दमा, अंगाला खाज, कशावरही 'एका पुडीत आराम' देणारे लोक गावोगाव आहेत. त्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ बाहेरून स्टेरॉईड मिळालं की शरीराची स्वतःची ग्रंथी झोपी जाते. मग कुणीतरी सांगतं, 'अरे, ते स्टेरॉईड आहे, लगेच बंद कर.' सल्ला चांगल्या मनानं दिलेला असतो, पण घातक असतो. अशी पुडी अचानक बंद केली तर झोपलेली ग्रंथी जागी होत नाही आणि माणूस कोसळतो. पुडी सोडायचीच, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळू. पुडी कुठून आणली हे सांगायची लाज वाटत असेल तर ते सांगू नका, पण किती महिने खाल्ली ते डॉक्टरला सांगा.

बाळंतपणात अति रक्तस्राव झालेल्या बायांचा वेगळा विचार करायला हवा. रक्त फार गेलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा होऊ शकते. ब्रिटनमधल्या शीहान या डॉक्टरनं १९३७ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला शीहान सिंड्रोम म्हणतात. काश्मीरमध्ये झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूल झालेल्या वीस वर्षांवरच्या बायांत याचं प्रमाण सुमारे ३ टक्के निघालं होतं. खूण साधी आहे : त्या बाळंतपणानंतर अंगावर दूध आलं नाही, पाळी परत सुरू झाली नाही, आणि थकवा कधी गेलाच नाही. यात थायरॉईड आणि ॲड्रिनल दोन्ही मंदावतात. मुख्य म्हणजे टीएसएच नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे 'रिपोर्ट चांगला आहे' म्हणून बाईला घरी पाठवलं जातं. अशा ठिकाणी टी-फोर आणि कॉर्टिसॉल बघावं लागतं.

आणि इथं क्रम चुकला तर जिवावर बेततं. दोन्ही हार्मोन कमी असताना आधी नुसतं थायरॉक्सिन सुरू केलं, तर शरीराचा वेग वाढतो, उरलंसुरलं कॉर्टिसॉल भराभर संपतं आणि रुग्ण अत्यवस्थ होतो. म्हणून आधी स्टेरॉईड, मग थायरॉईडची गोळी. थायरॉक्सिन सुरू केल्यावर बरं वाटायच्या ऐवजी उलट्या, चक्कर, गळून जाणं वाढलं, तर 'सवय होईल' म्हणत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

ॲड्रिनलच्या रुग्णाच्या घरच्यांना एक गोष्ट पाठ हवी. ताप आला की स्टेरॉईडचा डोस दुप्पट करायचा, १०२ च्या पुढं गेला तर तिप्पट, आणि ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा पूर्वीवर. हा जगभरचा नियम आहे, पण आपल्या डॉक्टरकडून तो आकड्यांत लिहून घ्यावा. उलटी होऊन गोळी पडत असेल तर गोळीच्या भरवशावर राहायचं नाही. तिथं हायड्रोकॉर्टिझोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं आणि सोबत सलाईन. हे काही दुर्मिळ औषध नव्हे. दमा आणि ॲलर्जीच्या रुग्णाला सरकारी दवाखान्यात तेच देतात. अडचण औषधाची नाही, ओळखण्याची आहे. उलट्या, पोटदुखी, बीपी खाली, गुंगी, हे सगळं मे महिन्यात ऊन लागल्यासारखं दिसतं आणि पावसाळ्यात गॅस्ट्रोसारखं. ड्युटीवरच्या डॉक्टरला कुणी सांगितलंच नाही तर त्याला कळणार कसं?

ब्रिटनमध्ये २०२० मध्ये अशा रुग्णांसाठी खिशात ठेवायचं स्टेरॉईड कार्ड सुरू झालं. आपल्याकडं त्याची वाट बघायची गरज नाही. एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत आजाराचं नाव, रोजचा डोस आणि 'अत्यवस्थ असल्यास हायड्रोकॉर्टिझोन १०० मिलिग्रॅम तातडीने द्यावे' एवढं डॉक्टरच्या सही-शिक्क्यानं लिहून घेतलं, प्लास्टिकमध्ये घालून पाकिटात ठेवलं, मोबाईलमध्ये फोटो काढला की काम झालं. १०८ च्या गाडीतही तोच कागद दाखवायचा. नाथषष्ठीला पैठणला पायी निघताना, नवरात्राचे किंवा रमजानचे उपवास धरताना, दात काढताना, बाळंतपणाला जाताना तो जवळ हवा. स्टेरॉईडवर असलेल्यानं उपवासाआधी डॉक्टरला विचारावंच.

तारीख येईपर्यंत तपासण्या मात्र करून ठेवता येतात. कॉर्टिसॉलचं रक्त सकाळी आठच्या सुमारास द्यायचं असतं, कारण तेव्हा हा हार्मोन सर्वात जास्त असतो. बिडकीनहून एसटीनं निघून, घाटीत केसपेपर काढून, रांगेत उभं राहून अकराला दिलेल्या रक्ताचा आकडा कमी आला तर त्यातून नीट काही कळत नाही. त्यामुळे लॅबशी आदल्या दिवशी बोलून, सकाळी लवकर गावातच रक्त देऊन रिपोर्ट सोबत नेणं सोयीचं. ज्यांची स्टेरॉईडची गोळी चालू आहे त्यांनी ती घ्यायची की थांबायचं, हे आधी विचारून घ्यावं. मनानं गोळी थांबवू नये.

खर्चाचंही बघा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडं येते, तिथले नियम वेगळे. कंपनीत २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा कामगार विमा कापला जातो. त्या कार्डावर घरच्यांनाही तज्ज्ञाकडं पाठवण्याची सोय आहे, ठेकेदाराकडचा कामगार असला तरी. ई-संजीवनीवर मोबाईलवरून सरकारी डॉक्टरचा सल्ला मिळतो. रिपोर्ट समजून घ्यायला आणि गोळ्या चालू ठेवायची चिठ्ठी घ्यायला ते पुरतं, उलट्या होणाऱ्या ॲड्रिनलच्या रुग्णाला पुरत नाही.

हायड्रोकॉर्टिझोनच्या गोळ्या मात्र बिडकीनच्या प्रत्येक मेडिकलवर असतीलच असं नाही, शहरातूनही कधी कधी मागवाव्या लागतात. म्हणून पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची बाटली आणायची. त्यातूनही खंड पडायची वेळ आली तर उपाशी राहू नये, त्याच दिवशी गावातल्या डॉक्टरला गाठावं. तो तेवढ्या दिवसांपुरतं प्रेडनिसोलोन ठरवून देऊ शकतो, आणि ते साध्या मेडिकलवरही मिळतं.