घर आपले, जमीन कुणाची?

मुंबई, ठाणे वा पुणे येथील एखाद्या जुन्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा डोळ्यांसमोर आणावी. इमारतीला पस्तीस-चाळीस वर्षे झालेली. गच्ची गळते आहे, सज्जांच्या सळया उघड्या पडल्या आहेत, दुरुस्ती निधी केव्हाच आटला आहे. पुनर्विकासाचा विषय निघतो. तेवढ्यात कुणी मिळकत पत्रिकेचा उतारा सभेपुढे ठेवतो आणि सारे स्तब्ध होतात. उताऱ्यावर संस्थेचे नावच नाही! तेथे अद्याप मूळ जमीनमालकाचे नाव आहे. त्याचे निधन होऊन कित्येक वर्षे लोटली, वारस कुठे आहेत ठाऊक नाही, आणि इमारत बांधणाऱ्या बिल्डरचे कार्यालय तर कधीच बंद झाले. कर्जाचे हप्ते फिटले, मालमत्ता कर वर्षानुवर्षे भरला, मुलामुलींची लग्ने याच घरातून झाली. पण ज्या भूमीवर हे सारे उभे राहिले, तिच्यावर या कुटुंबांचा लेखी अधिकार शून्य.

असा प्रसंग अपवादाने घडत असता तर त्याला दुर्दैव म्हणता आले असते. महाराष्ट्रात हजारो संस्थांची हीच कथा आहे. तिला दुर्दैव म्हणणे म्हणजे दोषींना पाठीशी घालणे होय.

कायदा होता, धाक नव्हता

घरखरेदीदारांच्या फसवणुकीकडे डोळेझाक करणारे राज्य म्हणून महाराष्ट्राची सुरुवात झाली नव्हती. राज्य स्थापन होऊन तीन वर्षे होतात न होतात तोच १९६३ साली महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, म्हणजेच ‘मोफा’, संमत झाला. नोंदणीकृत करारनामा केल्यावाचून ठरावीक मर्यादेपलीकडे पैसे घेऊ नयेत, खरेदीदारांची संस्था स्थापन करून द्यावी, मंजूर आराखड्यात त्यांच्या संमतीवाचून फेरफार करू नये, असे या कायद्याने प्रवर्तकाला बजावले. त्याच्या नियमांनी अभिहस्तांतरणाची मुदतही आखून दिली. करारात वेगळी मुदत नसेल तर संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत जमीन व इमारत संस्थेच्या नावे झाली पाहिजे. न केल्यास तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती.

चार महिने! आणि प्रत्यक्षात लोटली चाळीस वर्षे. या काळात किती प्रवर्तकांना अभिहस्तांतरण न केल्याबद्दल तुरुंगाची पायरी चढावी लागली, हा प्रश्न वाचकांनी आपल्या परिचयातील कोणत्याही वकिलाला विचारून पाहावा. कायद्याच्या पुस्तकातील शिक्षा प्रत्यक्षात कुणाला होत नसेल, तर ती धाकापेक्षा उलट अभयच देते.

जमीन अडकवून ठेवण्यात बिल्डरचा काय लाभ, असे भाबडेपणाने विचारले जाते. उत्तर सोपे आहे. जमीन ज्याच्या नावावर, त्याच्याकडे शिल्लक चटई क्षेत्र. पुढे निर्देशांक वाढला तर ती वाढही त्याच्याच पदरात पडते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मुंबईत हस्तांतरणीय विकास हक्क आणले आणि कागदावरच्या या मालकीला सोन्याचे मोल आले. मोकळ्या आवारात आणखी एक इमारत उठवायची, गच्चीवर आणखी दोन मजले चढवायचे, नाहीतर पुनर्विकासाच्या वेळी ‘ना हरकत’ देण्यासाठी रक्कम मागायची. अभिहस्तांतरण रखडते ते या हिशेबामुळे. विसराळूपणाशी त्याचा संबंध नाही.

उपायाची फेरी

शासनाला जाग आली ती २००८ मध्ये. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन ‘मानीव अभिहस्तांतरण’ आले. प्रवर्तक सही करीत नसेल तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा आणि त्यांनी सुनावणी घेऊन सहा महिन्यांत निर्णय द्यावा, अशी ही तरतूद आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तिचे नियम यायला २०१० उजाडले. आणि अर्जासोबत लागणारी कागदपत्रे कोणती? मंजूर नकाशे, विकासकरार, सदस्यांचे करारनामे, सूची क्रमांक दोन, मिळकत पत्रिका. यातील निम्मे कागद ज्याच्या कपाटात आहेत, त्यानेच तर संस्थेला फसवलेले असते! उपनिबंधकांचा आदेश मिळाल्यावरही मुद्रांक कार्यालय, दुय्यम निबंधक आणि नगर भूमापन कार्यालय अशी यात्रा उरतेच. कायदा मोडला एकाने आणि हेलपाटे मात्र निवृत्त शिक्षकांनी व बँक कर्मचाऱ्यांनी घालायचे, हा न्याय कोणता?

प्रमाणपत्राविना संसार

भोगवटा प्रमाणपत्राची कहाणी याहून कडू आहे. बिल्डर चाव्या देतो, कुटुंब राहायला येते आणि नंतर कळते की महापालिकेच्या लेखी ही इमारत राहण्यायोग्यच नाही. मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारे आहे. सदनिकांचा ताबा १९९७ साली मिळाला, पण भोगवटा प्रमाणपत्र मिळाले नाही. परिणामी रहिवाशांना मालमत्ता कर पंचवीस टक्के आणि पाणीपट्टी पन्नास टक्के अधिक भरावी लागली. ग्राहक आयोगांच्या पायऱ्या झिजवल्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हे प्रमाणपत्र मिळवून न देणे ही सेवेतील त्रुटी आहे आणि ते मिळेपर्यंत ती चूक चालूच राहते. म्हणून मुदतीचे कारण दाखवून तक्रार फेटाळता येणार नाही. ताबा आणि हा निकाल यांत पंचवीस वर्षे गेली. ताबा घेतला तेव्हा जन्मलेले मूल तोवर स्वतः घर शोधू लागले असेल.

वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत तर छप्परच हरपण्याची वेळ आली. काम थांबवण्याची नोटीस महापालिकेने १९८४ साली बजावली होती, तरी मजले चढतच राहिले. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत मजल्यांना अभय नाकारले. न्यायालयाचा निर्णय कायद्याला धरूनच होता. पण नोटिशीनंतर चढणाऱ्या मजल्यांकडे ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिले, त्या अधिकाऱ्यांचे काय? शिक्षेचा हातोडा शेवटी पडतो तो नेहमी घरात राहणाऱ्याच्या डोक्यावर.

दुसरी बाजू

सर्वच बांधकाम व्यावसायिकांना एका माळेत ओवणे अन्यायाचे ठरेल. परवानग्यांसाठी टेबलामागून टेबले पार करणारा, जमीनमालकांच्या भाऊबंदकीत अडकलेला, व्याजाच्या चक्रात पिचणारा प्रामाणिक विकासकही या राज्यात आहे. कित्येकदा त्याच्याकडे केवळ विकासहक्क असतात. मालक सही करीत नसेल तर त्याचाही नाइलाज होतो. अशा विकासकाची खरी हानी करतो तो अप्रामाणिक स्पर्धक. नियम मोडणारा स्वस्तात बांधतो, लवकर विकतो आणि मोकळा होतो. कायद्याची कठोर अंमलबजावणी ही म्हणूनच सचोटीच्या व्यावसायिकाचीही गरज आहे.

ग्राहकही सर्वस्वी निर्दोष नाही. किमतीचा काही भाग रोखीत देणारा, प्रमाणपत्र नसल्याचे ठाऊक असूनही ‘सगळेच राहतात’ म्हणत सामान हलवणारा, संस्थेच्या सभेला कधीच न फिरकणारा सदस्य या अनर्थाचा भागीदार आहे.

मागण्या स्पष्ट हव्यात

केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बरेच काही सुधारले. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक झाले, करारनाम्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बंदी आली, बांधकामातील रचनात्मक दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षे विकासकावर राहिली. पण प्राधिकरणाने भरपाईचा आदेश दिला तरी वसुली जिल्हाधिकारी यंत्रणेने करायची असते आणि तेथे पुन्हा तीच प्रतीक्षा. शिवाय हा कायदा येण्याआधीच पूर्ण झालेल्या इमारतींना त्याचा आधार फारसा नाही.

म्हणून शासनापुढे तीन मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. ज्या प्रवर्तकाने आधीच्या प्रकल्पाचे अभिहस्तांतरण केलेले नाही, त्याला नव्या प्रकल्पासाठी बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देऊ नये. मंजूर नकाशे व विकासकरार शासकीय दप्तरातून थेट उपनिबंधकांनी मागवावेत. नागरिकाला त्यासाठी पळवू नये. आणि भोगवटा प्रमाणपत्राअभावी आकारला जाणारा वाढीव कर रहिवाशाऐवजी बिल्डरकडून वसूल करावा. यांपैकी एकाही मागणीला तिजोरीतून मोठा खर्च लागत नाही. लागते ती इच्छाशक्ती.

शासन हलेपर्यंत संस्थांनी स्वस्थ बसावे असे मात्र नाही. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे श्रीपाद तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. बेताच्या मिळकतीची माणसे एकत्र आली, नियमाने वागली आणि स्वतःच्या छपराची धनी झाली. सहकाराचा तो वारसा आज गाडी उभी करण्याच्या जागेवरील भांडणांत आणि बिनविरोध निवडल्या जाणाऱ्या कंटाळलेल्या कार्यकारिणीत हरवला आहे. पुनर्विकासासाठी शासनाने ७९-अ खाली काढलेल्या सूचनांत विकासकाकडून वीस टक्क्यांची बँक हमी, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर निवड, सभेचे चित्रीकरण असे उपाय आहेत. मात्र उच्च न्यायालयाने या सूचना मार्गदर्शक स्वरूपाच्या मानल्या आहेत. त्यांना दात आणायचे असतील तर त्या अटी सदस्यांनी आग्रहाने करारातच उतरवून घ्याव्या लागतील.

प्रत्येक सदस्याने येत्या रविवारी एवढेच करावे : आपल्या संस्थेच्या जमिनीची मिळकत पत्रिका काढून तिच्यावरील नाव वाचावे. ते नाव दुसऱ्याचे असेल, तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय कोणता असावा, हे कुणी सांगण्याची आवश्यकता उरणार नाही.