विश्लेषण : गुगलवर आधी दिसणारा गृहप्रकल्प खात्रीचा असतो का? काय असते ‘इनबाउंड लिंक’?

घराचा शोध आता एजंटच्या कार्यालयाआधी मोबाइलवर सुरू होतो. ‘वाकडमध्ये टू बीएचके’ किंवा ‘डोंबिवलीत रेडी पझेशन फ्लॅट’ असे टाइप केले, की संकेतस्थळांची यादी समोर येते. यादीतील वरचे क्रमांक मिळवण्यासाठी बांधकाम व्यावसायिक, एजंट आणि मोठी पोर्टल यांच्यात चुरस असते. या चुरशीतले एक जुने हत्यार म्हणजे ‘इनबाउंड लिंक’. ती कशी मिळते, तिचा बाजार कसा चालतो आणि ग्राहकाने त्यातून काय ओळखावे, याविषयी...

इनबाउंड लिंक म्हणजे काय?

एका संकेतस्थळावरून दुसऱ्या संकेतस्थळाकडे नेणारा दुवा म्हणजे लिंक. ज्याच्याकडे ती येते, त्याच्या दृष्टीने ती इनबाउंड लिंक. तिलाच बॅकलिंक असेही म्हणतात. एखाद्या वृत्तपत्राने ठाण्यातील घरांच्या किमतींवर बातमी दिली आणि त्यात स्थानिक एजन्सीच्या पानाचा दुवा दिला, तर त्या एजन्सीला एक इनबाउंड लिंक मिळाली.

गुगल तिला महत्त्व का देते?

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना ‘पेजरँक’ ही पद्धत विकसित केली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गुगलचा पाया तीच ठरली. एखाद्या शोधनिबंधाचा संदर्भ इतर संशोधक जितका जास्त देतात, तितके त्याचे वजन वाढते. तोच न्याय त्यांनी इंटरनेटला लावला. लिंक म्हणजे एका पानाने दुसऱ्याला दिलेले मत. मात्र सर्व मतांची किंमत सारखी नसते. ज्या पानाला स्वतःलाच अनेकांनी दुवे दिले आहेत, त्याच्या मताचे वजन जास्त. आज क्रम ठरवताना मजकुराची उपयुक्तता, शोधणाऱ्याचे ठिकाण अशा अनेक बाबी पाहिल्या जातात, पण लिंकचे महत्त्व संपलेले नाही.

घरांच्या व्यवसायात चुरस अधिक का?

एका घराच्या व्यवहारात लाखो रुपये गुंतलेले असतात. त्यामुळे गुगलवरून आलेला एक ग्राहकही मोलाचा ठरतो. दुसरीकडे, मॅजिकब्रिक्स, ९९एकर्स, हाउसिंग डॉट कॉम अशा पोर्टलकडे देशभरातून लिंक येतात. ‘पुण्यात फ्लॅट’ यासारख्या ढोबळ शोधात लहान एजन्सीचा त्यांच्यापुढे निभाव लागणे कठीण. मग कमी वेळात क्रमांक वर नेण्याचे आश्वासन देणाऱ्यांची पॅकेजेस मोहात पाडतात.

लिंकचा बाजार कसा चालतो?

ठरावीक रकमेत शेकडो लिंक, असा हा व्यवहार असतो. कोणी न वाचणाऱ्या ब्लॉगवर लेख टाकणे, चर्चेच्या पानांवर प्रतिक्रियांतून दुवे पेरणे, ‘तुम्ही आमची द्या, आम्ही तुमची देतो’ अशी घाऊक अदलाबदल करणे, असे त्याचे प्रकार. बंद पडलेल्या संस्थेचे डोमेन विकत घेऊन तिच्या जुन्या पुण्याईवर नवे दुकान थाटणे हाही त्यातलाच प्रकार. क्रम वाढवण्यासाठी पैसे देऊन घेतलेली लिंक गुगलच्या नियमांत बसत नाही. जाहिरात म्हणून लिंक घेता येते. मात्र ती सशुल्क असल्याची खूण पानाच्या कोडमध्ये करावी लागते. त्यासाठी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ आणि २०१९ मध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण आली.

पकडले गेल्यास काय होते?

२०११ मध्ये अमेरिकेतील ‘जेसीपेनी’ या विक्री साखळीचे प्रकरण ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केले. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत अनेक शोधांत ही कंपनी पहिली दिसत होती, कारण तिच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या संकेतस्थळांवर तिचे दुवे पेरलेले होते. गुगलच्या कारवाईनंतर ती बऱ्याच शोधांत खूप खाली फेकली गेली. आपण या लिंकना मान्यता दिली नव्हती, असे कंपनीने सांगितले. पण गेलेला क्रमांक त्याने परत आला नाही. पुढे एप्रिल २०१२ मध्ये गुगलने ‘पेंग्विन’ ही सुधारणा आणली. २०१६ पासून अशा बऱ्याच लिंक गणतीतच धरल्या जात नाहीत, म्हणजे पैसे पाण्यात. गंभीर प्रकरणांत आजही थेट कारवाई होते. मुदत संपलेल्या डोमेनचा असा गैरवापर २०२४ मध्ये स्पॅमच्या नियमांत स्पष्टपणे समाविष्ट झाला.

मग लहान व्यावसायिकाने काय करावे?

स्थानिक माहिती हेच त्याचे भांडवल. देशभराचे पोर्टल प्रत्येक गल्लीची माहिती ठेवू शकत नाही. आपल्या उपनगरातील पाण्याची स्थिती, मेट्रो स्थानकापर्यंतचे खरे अंतर, जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाची सद्यःस्थिती, मानीव अभिहस्तांतरणाची प्रक्रिया, महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्का सवलत, अशा विषयांवर अचूक पान तयार केले, तर स्थानिक वार्ताहर, गृहनिर्माण सोसायट्या, वकील त्याचा दुवा आपणहून देऊ शकतात. व्यापारी संघटनेची सदस्यसूची, प्रकल्पाच्या वास्तुविशारदाचे संकेतस्थळ, ज्या कार्यक्रमाला मदत केली त्याचे पान, येथील उल्लेखही रास्त. अशा लिंक संख्येने कमी आणि मिळायला संथ असतात. पण त्या विकत घेतलेल्या नसल्याने गुगलचे नियम बदलले तरी त्यांना सहसा धक्का लागत नाही.

ग्राहकाने काय तपासावे?

गुगलवरचा वरचा क्रमांक म्हणजे प्रकल्पाचे प्रमाणपत्र नव्हे. लिंक मोजणाऱ्या यंत्रणेला इमारतीचा पाया, जमिनीचा वाद किंवा रखडलेला ताबा दिसत नाही. त्यासाठी ‘महारेरा’चे संकेतस्थळ आहे. रेरा कायद्यानुसार नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची जाहिरात नोंदणीआधी करता येत नाही आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. एजंटलाही नोंदणी बंधनकारक आहे. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो स्कॅन केल्यावर मंजूर आराखडे, पूर्णत्वाची तारीख, न्यायालयीन दावे अशी माहिती पाहता येते. जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरल्याने नुकसान झाले, तर कायद्याच्या कलम १२ नुसार भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास व्याजासह रक्कम परत मागता येते.

लिंक विकत घेणाऱ्यावर गुगल फार तर क्रमांक घसरवण्याची किंवा शोधनिकालांतून वगळण्याची कारवाई करू शकते. त्या क्रमांकावर विसंबून टोकन रक्कम भरणाऱ्याचे नुकसान मात्र गुगल भरून देत नाही. म्हणूनच मोबाइलवर घर आवडले, तरी पैसे देण्यापूर्वी नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून पाहणे ही ग्राहकाचीच जबाबदारी ठरते.