चित्र जरा थांबू द्या
सातारा-सांगलीकडच्या अंगणात झिम्मा चालू असतो. चार वर्षांची पोर मोठ्या मुलींच्या टाळ्या बघत कडेला उभी राहते आणि थोड्या वेळाने तिची टाळी बरोबर जागेवर पडते. कुणी शिकवलेले नसते. यालाच नकळत शिकणे म्हणतात. आठ महिन्यांचे बाळही दोन मिनिटे सलग आवाज ऐकून कोणते अक्षर कोणत्या अक्षरामागे येते हे टिपते, असे 1996 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले.

2011 मध्ये ऑस्ट्रेलियात 5 ते 12 वर्षांच्या मुलांना चित्रांच्या मालिका दाखवल्या गेल्या. चित्र पडद्यावर जास्त वेळ टिकले, तेव्हा त्यातला क्रम मुलांनी अधिक चांगला पकडला. प्रौढांवरच्या त्याच वर्षीच्या एका प्रयोगात मात्र आवाजातला क्रम जलद गतीत अधिक नीट पकडला गेला. म्हणजे डोळ्याला सवड लागते, कानाला वेग आणि सलगता.

मिरजेच्या तबल्याच्या शिकवणीत हे जुनेच आहे: बोल आधी तोंडाने, सलग म्हणायचे. पाढ्यांचेही तेच; मध्ये तोडले की चाल मोडते. आपल्या अंगणवाड्यांत आणि जिल्हा परिषद शाळांत मात्र पडद्यावरची चित्रे भराभर सरकतात, आणि ‘समजलं का?’ विचारायला पाढा अर्ध्यावर थांबवला जातो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षक प्रशिक्षणात या गतीचा विचार यंदाच व्हायला हवा. त्याला वेगळा निधी लागत नाही.