टाळेबंदी, व्यायाम आणि घरकामाची वांटणी

सांथीच्या दिवसांत प्रकृति कशी सांभाळावी याविषयीं गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु त्यांतील बहुतेक उपदेश शहरांतील दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांस उद्देशून होता. जमीन बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या घराचा प्रश्न निराळा आहे. ता. २५ मार्च २०२० पासून एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली व ती वाढत वाढत मे महिन्याच्या अखेरपर्यंत गेली. पुढें एप्रिल २०२१ मध्यें दुसऱ्या लाटेंत आपल्या राज्यांत पुन्हां कडक निर्बंध आले. ती वेळ आतां टळली आहे. म्हणूनच शांत चित्तानें तिचा हिशेब मांडणें शक्य व इष्ट आहे.

सन १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला व तेथून तो गांवोगांवीं पसरला. घरांत उंदीर पडूं लागले कीं लोक गांव सोडून शिवारांत झोपड्या बांधून राहत. त्या संकटांत झालेला १८९७ चा सांथरोग कायदाच २०२० मध्यें पुन्हां अंमलांत आला. मात्र उपाय अगदीं उलट झाला. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो, म्हणून घर सोडणें हिताचें होतें. करोनाचा विषाणु माणसाच्या श्वासावाटे पसरतो, म्हणून घर धरून राहणें भाग पडलें. तथापि शेतीच्या कामांस सरकारनें मार्च २०२० च्या अखेरीसच सूट दिली होती. शिवार मोकळें होतें, हवा स्वच्छ होती. अशा स्थितींत शेतकऱ्याचें अंग तरी चांगलें राहिलें असेल असें कोणासही वाटेल. परंतु पुष्कळ घरीं तसें घडलें नाहीं.

याचें कारण स्पष्ट आहे. आज नांगरट ट्रॅक्टर करतो, खुरपणी मजूर बायका करतात, पाणी मोटारीनें चढतें आणि मालक बांधापर्यंत मोटारसायकलवर जातो. त्याचें जें कांहीं चालणें होई तें आठवड्याचा बाजार, तालुक्याची कचेरी, सोसायटी व लग्नकार्यें यांनिमित्त होई. तीं सर्व निमित्तें एकदम बंद पडलीं. द्राक्षें व भाजीपाला शेतांत पडून राहिला, भावाची काळजी मनास लागली, आणि मालक ओसरीवर मोबाईल घेऊन बसला. दूरदर्शनवर रामायण पुन्हां दाखवूं लागले, तेंही बसूनच पहावयाचें. जेवण मात्र पूर्वींचेंच, किंबहुना थोडें अधिकच. स्नायू हालले म्हणजे रक्तांतील साखर वापरली जाते. ते स्वस्थ राहिले कीं ती वाढते. मधुमेही माणसास अशी बैठक किती महाग पडते हें वेगळें सांगावयास नको.

आतां दुसरी बाजू पहा. पुण्या-मुंबईस असलेले मुलगे, सुना व नातवंडें गांवीं परत आलीं. ज्या चुलीवर पांच माणसांचा स्वयंपाक होई तेथें अकरा पानें वाढावीं लागलीं. शाळा बंद, म्हणून मुलें दिवसभर घरांत; चहाचीं आधणें दिवसभर चालू; हातपाय व कपडे वारंवार धुवावयाचे, म्हणून पाणी दुप्पट. म्हातारी माणसें जपावयाचीं तीं वेगळींच. हा सर्व भार घरांतील बायकांवर पडला. त्यांस कोणी सूर्यनमस्कार घालण्याचा उपदेश करावा ही थट्टाच होय. त्यांस व्यायामाची नव्हे, विसाव्याची गरज होती.

म्हणजे एकाच छपराखालीं कांहीं माणसें श्रमांवांचून आजारी पडत होतीं आणि कांहीं श्रमांनीं झिजत होतीं. यास्तव आमचें मत असें कीं, शेतकऱ्याच्या घरांत व्यायामाचा आरंभ घरकामाच्या वांटणीपासून झाला पाहिजे. महसूल खात्यांत जन्म घालविलेल्या माणसास हें सातबाराच्या भाषेंतच सुचतें. नमुना सातवर जमीन कोणाची तें लिहिलेलें असतें, नमुना बारावर तींत काय पिकतें तें. घराच्या नमुना सातवर मालकाचें नांव ठळक आहे. परंतु श्रमांचा नमुना बारा कोणीं भरून पाहिला आहे काय?

यावर असा आक्षेप येईल कीं, घरकाम पुरुषास शोभत नाहीं. परंतु गोठा झाडणें, शेण काढणें, लांकूड फोडणें, पाण्याचे हंडे भरणें, अंथरुणें उचलणें, धान्याचीं पोतीं हलविणें हीं सारीं बळाचीं कामें आहेत, आणि बळ बाळगण्याचा अभिमान तर पुरुषासच असतो. पंढरीच्या वारींत आपला हंडा आपण भरणाऱ्या आणि आपलें ताट आपण धुणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा कमी होत नाहीं. मग घरींच ती कां व्हावी?

तथापि श्रम म्हणजेच पूर्ण व्यायाम असेंही समजूं नये. खुरपणीनें कंबर एकाच बाजूस वांकते, ओझ्यानें मान आंखडते. तें अंग पुन्हां सरळ करावें लागतें. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, त्यास न साहित्य लागतें न पैसा. जागतिक आरोग्य संघटनेनें नोव्हेंबर २०२० मध्यें प्रौढांस आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. दररोज सुमारें बावीस मिनिटें झपझप बांधावरून चालल्यास ती भरते. मुलांस रोज तासभर खेळूं द्यावें. वृद्धांनीं आधार धरून खुर्चीवरून उठबस करावी. ज्यास ताप आहे त्यानें मात्र पूर्ण विश्रांति घ्यावी, आणि दुखण्यांतून उठल्यावर हळूहळू श्रम वाढवावे.

शेतकरी बंधूंनीं एक गोष्ट करून पहावी. भिंतीवर पाटी टांगून आठ दिवस कोण पहांटे किती वाजतां उठलें, कोणीं कोणतें काम केलें व कोण केव्हां टेकलें, याची नोंद ठेवावी. नोंद खरी ठेवल्यास पुढें कोणाच्या उपदेशाची गरज पडणार नाहीं. कोणाचे हात मोकळे आहेत तें पाटीच सांगेल. पुढची सांथ केव्हां येईल हें कोणासही सांगतां येत नाहीं. परंतु ती आली म्हणजे नवी संवय लागत नाहीं, जी आधीं असते तीच उपयोगी पडते. ज्या घरीं आज मालक स्वतः गोठा झाडतो व घरची बाई दुपारीं घटकाभर पाठ टेकते, तें घर पुढील टाळेबंदींतही बरें राहील.