गाजरगवताची गुणी बहीण

गाजरगवताचें नांव निघतांच आमच्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. १९५६ सालीं पुण्यांतून ज्याची नोंद प्रसिद्ध झाली, त्या या परदेशी पाहुण्यानें पुढें शेतें व रस्त्यांच्या कडा व्यापल्या आणि कित्येकांच्या अंगास पुरळ आणलें. परंतु याच पार्थेनियम घराण्यांत एक गुणी झुडूपही आहे. त्याची ओळख आज करून द्यावयाची आहे.

त्याचें नांव ग्वायूले. उत्तर मेक्सिको व टेक्सास येथील वाळवंटांत तें मूळचेंच. सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्या कुळांतील हें झुडूप जेमतेम दोनतीन फूट उंच. पानें रुपेरी राखट, फुलें अगदीं बारीक. पाऊस तुटपुंजा असला तरी तें तग धरतें आणि आपल्या सालींत रबर सांठवितें. रबराच्या मोठ्या झाडास चीर देऊन चीक काढतात. याचें रबर मात्र पेशींत कोंडलेलें असल्यामुळें झुडूप चिरडूनच काढावें लागतें.

१९४२ सालीं जपाननें मलाया जिंकला आणि अमेरिकेचा रबराचा पुरवठा बहुतेक तुटला. तेव्हां या उपेक्षित झुडपाची आठवण झाली! सरकारनें कायदा करून सुमारें ३० हजार एकरांत लागवड करविली. कॅलिफोर्नियांतील मान्झानारच्या छावणींत ज्या जपानी वंशाच्या रहिवाशांस केवळ वंशामुळें डांबलें होतें, त्यांच्यांतीलच शास्त्रज्ञांनीं व माळ्यांनीं त्याचीं रोपें वाढविण्याच्या नव्या रीती शोधल्या. पण १९४५ सालीं युद्ध संपलें, कृत्रिम रबर मुबलक झालें, आणि तीं उभीं शेतें नांगरून, जाळून टाकण्यांत आलीं. गरज सरो, वैद्य मरो!

पुढें नेहमींच्या रबरी हातमोज्यांतील प्रथिनांनीं कित्येक डॉक्टरांस व परिचारिकांस बाधा होऊं लागली. तीं प्रथिनें ग्वायूलेच्या चिकांत नाहींत, असें आढळलें आणि २००८ सालीं अमेरिकेंत त्याच्या हातमोज्यांस परवानगी मिळाली. जाळलेल्याच झुडपाकडे पुनः हात पसरावा लागला तो असा.

तणाची बहीण म्हणून तुच्छ लेखणें जसें अन्यायाचें, तसेंच काम सरतांच विसरणेंही. घरांतील अबोल, कष्टाळू माणसाची आठवण आपणांसही अडचणींतच होते काय, एवढें प्रत्येकानें आपल्या मनास विचारून पाहावें.